तज्ज्ञ सांगतील, पण ठरविणार कोण?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही आदिवासी वस्ती दरडीखाली गाडली गेली. दुसऱ्या दिवशी सरकारतर्फे सांगण्यात आले की, दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. हे विधान खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करणारे होते. यादी तज्ज्ञांनी केली होती, त्यांच्या शास्त्राप्रमाणे केली होती, आणि तरीही डोंगराने ती मानली नाही. परंतु ज्यांची हयात त्या डोंगराच्या कुशीत गेली, त्या माणसांना काही विचारण्याची सोय त्या यादीच्या रचनेत होती काय, हा प्रश्न त्या दिवसांत फारसा कोणी केला नाही. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी, आणि राज्याच्या सीमेपलीकडे २०२४ मध्ये वायनाड. प्रत्येक दुर्घटनेनंतर समिती नेमली जाते, अहवाल येतो आणि पुढील पावसाळ्यापर्यंत तो फाइलीत विसावतो. हवामान-बदलाच्या प्रश्नावर तज्ज्ञ आणि नागरिक यांची गाठ आपल्याकडे पडते ती बहुधा अशी, दुर्घटनेनंतर आणि ढिगाऱ्याच्या काठावर.

ही गाठ आधी पडावी, नियमाने पडावी आणि तिच्यातून काही निष्पन्न व्हावे, यासाठी काय करता येईल, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

तज्ज्ञाचे क्षेत्र कोठे संपते?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हवामान-बदल घडतो आहे किंवा नाही, हा मतदानाने ठरविण्याचा विषय नव्हे. पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिकीकरणाच्या पूर्वकाळाच्या तुलनेत एक अंशाहून अधिक वाढले आहे आणि त्याचे मुख्य कारण मानवी व्यवहारातून हवेत जाणारे वायू हे आहे, हा शास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे. तेथे सामान्य माणसाने नम्रपणे ऐकावे, हेच योग्य. विज्ञानाला लोकमताची कसोटी लावणे ही लोकशाही नव्हे, तो निव्वळ अडाणीपणा होय.

परंतु या टप्प्यावर तज्ज्ञाचे काम संपते आणि दुसराच प्रश्न सुरू होतो. उत्सर्जन कमी करावयाचे तर त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? पाणी कमी पडणार असेल तर कोणत्या पिकाने माघार घ्यावयाची? कोळशाची खाण बंद व्हावयाची असेल तर तेथील कामगाराच्या घरातील चूल कशावर पेटवावयाची? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते की, एखाद्या उत्पादनाची समाजाला द्यावी लागणारी किंमत त्याच्या बाजारभावात उतरत नसेल तर ती कराच्या रूपाने वसूल करावी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मांडलेला हा विचार तर्कदृष्ट्या आजही बिनतोड आहे. पण कर किती असावा याचे गणित मांडता आले, तरी तो शेतमजुराने द्यावा की मोटारमालकाने, याचे उत्तर त्या गणितात मिळत नाही. ते न्यायबुद्धीचे क्षेत्र आहे, आणि न्यायबुद्धी ही कोणत्याही विद्यापीठाची मक्तेदारी नव्हे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. त्याच मराठवाड्यात उसाची शेतेही होती आणि साखर कारखानेही होते. उसाला पाणी किती लागते, हे कृषिशास्त्रज्ञ अचूक सांगू शकेल. पण ऊस हे हमखास पैसा देणारे पीक असताना शेतकऱ्याने तो का सोडावा आणि सोडला तर त्याची भरपाई कोणी करावी, हे एकट्या कृषिशास्त्रज्ञाने सांगावयाचे नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका परिसंवादाला प्रस्तुत लेखक उपस्थित होता. व्यासपीठावर पाच विद्वान, पडद्यावर इंग्रजी आलेख, आणि सभागृहाच्या मागच्या रांगांतून बसने आणलेले शेतकरी. अखेरीस प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे उरली. एका वृद्ध शेतकऱ्याने उठून विचारले, त्याचा आशय असा होता की, पाऊस किती कमी होणार हे समजले, पण आहे तेवढे पाणी आधी कोणाच्या रानात जाणार, हे कोणी सांगेल काय? व्यासपीठावर क्षणभर शांतता पसरली आणि मग आभारप्रदर्शन झाले. त्या दुपारचा खरा प्रश्न तोच एक होता आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा नव्हती.

सुनावणी आहे, पण संवाद नाही

आपल्याकडे लोकांचे ऐकून घेण्याची व्यवस्थाच नाही, असे म्हणता येणार नाही. पर्यावरणीय मंजुरीपूर्वी जनसुनावणी घेण्याची तरतूद १९९७ पासून आहे आणि २००६ च्या अधिसूचनेने तिची कार्यपद्धती सविस्तर ठरवून दिली आहे. शहरांच्या आराखड्यांवर हरकती आणि सूचना मागविल्या जातात. मुंबई महानगरपालिकेनेही २०२२ मध्ये जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यासाठी आधी नागरिकांकडून सूचना मागविल्या होत्या. या व्यवस्था असू नयेत असे कोणीच म्हणणार नाही. तथापि, त्यांचे स्वरूप नीट पाहावयास हवे.

जनसुनावणीत लोक बोलतात, अधिकारी लिहून घेतात आणि निर्णय अन्यत्र होतो. प्रकल्पाचा मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो; स्थानिक भाषेत मिळतो तो गोषवारा. तेथे येतात ते प्रकल्पाचे कडवे विरोधक आणि प्रकल्पाचे आणलेले समर्थक. ज्याचे मत अजून बनलेले नाही, जो दोन्ही बाजू ऐकून मग ठरवू इच्छितो, असा शहाणा आणि शांत मनुष्य त्या गोंगाटात एक तर येत नाही किंवा आला तरी बोलत नाही. भाषेची कथा तर अधिकच बोलकी आहे. २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा केंद्र सरकारने लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तो इंग्रजी आणि हिंदीत. आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांमध्ये त्याचे भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. लोकांचे मत मागवावयाचे, पण लोकांच्या भाषेत नव्हे, यातील विसंगती सरकारी यंत्रणेला जाणवलीही नाही.

पश्चिम घाटाचा अनुभव याहून कटू आहे. २०१० मध्ये केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि ऑगस्ट २०११ मध्ये तिने अहवाल दिला. अहवालाचे मर्म असे होते की, संवेदनशील क्षेत्राच्या सीमा आणि तेथील निर्बंध अखेरीस ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावेत. म्हणजे, तज्ज्ञांनी स्वतःच आपल्या अधिकाराची मर्यादा आखून दिली होती. पण सरकारने अहवालच कित्येक महिने दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराची आणि न्यायालयाची वाट चोखाळल्यावर तो २०१२ मध्ये उघड झाला. तोवर घाटातील गावांमध्ये पोचली होती ती अफवा, की आता घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, गाव उठणार. पुढे कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला आणि त्याने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील म्हणून सुचविला. त्यानंतर मसुद्यावर मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडीत दोनशेहून अधिक माणसे दगावली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या तेरा वर्षांत अहवाल गावकऱ्यांच्या भाषेत गावकऱ्यांपुढे ठेवून त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण याहून वाईट झाले नसते, हे मात्र निश्चित सांगता येते.

फ्रान्सने काय केले?

याच प्रश्नाशी इतर देशही झगडत आहेत, आणि त्यांच्यापैकी फ्रान्सचा दाखला विशेष उद्बोधक आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले. हा कर हवामानाच्या नावाने लावला होता आणि पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने तो निर्दोष होता. पण ज्याच्या गावात रेल्वे नाही, बस नाही आणि कामावर जाण्यासाठी जुन्या मोटारीवाचून गत्यंतर नाही, त्याला तो राजधानीतील सुखवस्तू लोकांनी आपल्यावर लादलेला दंड वाटला. डिसेंबरमध्ये सरकारला नियोजित करवाढ मागे घ्यावी लागली.

त्यानंतर सरकारने एक वेगळा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी दीडशे नागरिकांची नावे काढण्यात आली. स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, व्यवसाय, शहर-खेडे या सर्व बाबतींत हा समूह देशाची छोटी प्रतिकृती ठरावा, अशी काळजी घेण्यात आली. न्यायालयातील ज्यूरीच्या सदस्यांना मिळतो तसा दैनिक भत्ता त्यांना देण्यात आला. ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० या काळात ठरावीक शनिवार-रविवारी हे लोक एकत्र आले, त्यांनी शास्त्रज्ञांना, अर्थतज्ज्ञांना, उद्योजकांना, कामगार प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि उलटसुलट प्रश्न विचारले. त्यांच्यापुढे प्रश्न असा ठेवला होता: सामाजिक न्यायाला धक्का न लावता, १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन किमान ४० टक्क्यांनी कसे घटवावे? त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. आरंभी या विषयाची काडीइतकी माहिती नसलेल्या माणसांनी घरांच्या दुरुस्तीपासून विमानप्रवासापर्यंत जे सुचविले, ते तेथील राजकीय पक्षांच्या धाडसापेक्षा पुष्कळ पुढचे होते.

येथपर्यंत कथा सुरस आहे, पुढे ती तशी राहत नाही. प्रस्तावांना चाळणी लावली जाणार नाही, असे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी वचन दिले होते. प्रत्यक्षात तीन प्रस्ताव त्यांनी तेव्हाच बाजूला ठेवले आणि बाकीच्यांपैकी अनेक संसदेपर्यंत जाताजाता पातळ झाले. रेल्वेने चार तासांत जाता येत असेल तेथे देशांतर्गत विमानसेवा नको, असे नागरिक म्हणाले होते. २०२१ च्या कायद्यात चारचे अडीच तास झाले. त्या नागरिकांनी अखेरच्या बैठकीत सरकारच्या प्रतिसादाला गुण दिले, ते दहापैकी जेमतेम तीनच्या आसपास. लोकांना विचार करावयास बोलवावे आणि मग त्यांचा विचार हवा तेवढाच घ्यावा, याने विश्वास वाढत नाही; होता तोही उडतो.

आयर्लंडने हेच काम अधिक साधेपणाने आणि म्हणूनच बहुधा अधिक यशस्वीपणे केले. तेथील ९९ नागरिकांच्या सभेने एका माजी न्यायाधीश महिलेच्या अध्यक्षतेखाली २०१७ मध्ये दोन शनिवार-रविवार हवामानाचा विषय चर्चिला आणि तेरा शिफारशी केल्या. अधिक कर्बोत्सर्ग करणाऱ्या व्यवहारांवर अधिक कर देण्याची आपली तयारी आहे, असे त्यांतील ८० टक्के लोकांनी सांगितले. फ्रान्समध्ये ज्या कराने रस्ते पेटले, तोच कर येथे लोक स्वतः मान्य करीत होते. महत्त्वाचे हे की, त्यानंतर संसदेने सर्वपक्षीय समिती नेमून या शिफारशींवर विचार केला, २०१९ मध्ये कृती आराखडा आला आणि २०२१ मध्ये कायदा झाला. नागरिकांच्या सभेने संसदेची जागा घेतली नाही. संसदेला जे बोलण्याचा धीर होत नव्हता ते बोलण्यास आधार दिला.

आपल्या मातीतले दाखले

हे सारे युरोपातील श्रीमंत देशांचे लाड आहेत, आपल्या निरक्षर आणि विभागलेल्या समाजात ते कसे चालावे, अशी शंका येथे घेतली जाईल. शंका स्वाभाविक आहे, पण अनुभव तिच्या बाजूने नाही. २००१ मध्ये त्यावेळच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांची अशीच एक ज्यूरी बसली होती. तिच्यात दलित स्त्रियांची संख्या मोठी होती. राज्याच्या शेतीचे भवितव्य काय असावे, या प्रश्नावर त्यांनी सरकारी अधिकारी, कंपन्यांचे प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ यांच्या साक्षी घेतल्या आणि सरकारच्या यांत्रिकीकरणाच्या स्वप्नाबद्दल आपला स्पष्ट निवाडा दिला. निवाड्याशी मतभेद होऊ शकतात. पण ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना साक्षीपुरावा समजत नाही, हा सुशिक्षितांचा समज त्या प्रयोगाने खोटा ठरविला.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाचे नाव आपण सामूहिक वनहक्कामुळे ऐकलेले असते. त्या गावाने केलेली एक मांडणी आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. परंतु तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तोही सर्वसहमतीने. जाणकाराला मान आहे, पण मत नाही. गावकऱ्याला मत आहे, पण ते अभ्यासावाचून द्यावयाचे नाही. तज्ज्ञ आणि नागरिक यांच्या संबंधाची याहून निर्मळ व्याख्या कोणत्याही ग्रंथात क्वचितच सापडेल. हिवरे बाजारात दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्याप्रमाणे पिके ठरतात, हेही याच जातीचे उदाहरण. पर्जन्यमापक शास्त्राचा, निर्णय गावाचा.

चिठ्ठीची पद्धतही आपल्याला परकी नाही. तामिळनाडूतील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखांत ग्रामसमित्यांचे सदस्य ताडपत्रावर नावे लिहून, ती घड्यात घालून, चिठ्ठी काढून निवडण्याचे नियम कोरलेले आहेत. अर्थात त्या घड्यात नावे पडत ती जमीनदार आणि वेदविद्या शिकलेल्या पुरुषांचीच. स्त्रिया आणि कष्टकरी त्याच्या बाहेर होते. तेव्हा त्याचा गौरव करताना हेही विसरता कामा नये. पद्धत जुनी घ्यावी, घडा मात्र सर्वांचा असावा.

काय करता येईल?

या अनुभवांतून जो मार्ग दिसतो तो असा. प्रत्येक जिल्ह्यात, निदान प्रारंभी दोन-तीन जिल्ह्यांत, मतदार यादीतून चिठ्ठीने शंभर नागरिकांची हवामान विचारसभा निवडावी. स्त्रिया, भूमिहीन, आदिवासी, कामगार, विद्यार्थी यांचे लोकसंख्येतील प्रमाण तिच्यात उतरेल, असे पाहावे. सदस्यांना बुडालेल्या मजुरीइतका भत्ता द्यावा. अन्यथा सभेस येतील ते केवळ पगारी आणि सवड असलेले, म्हणजे आपणच. सर्व कागदपत्रे मराठीत, आणि आवश्यक तेथे स्थानिक बोलीत समजावून दिली जावीत. प्रत्येक प्रश्नावर निदान दोन वेगळ्या मतांचे तज्ज्ञ बोलावावेत आणि कोणाला बोलवावयाचे, हे ठरविण्याचा काही अधिकार सदस्यांकडेही असावा. प्रश्न मर्यादित आणि खरा असावा. हवामान-बदलावर उपाय सुचवा, असा नव्हे. तर या जिल्ह्यातील धरणात निम्मेच पाणी असेल त्या वर्षी ते कसे वाटावे, किंवा डोंगरपायथ्याच्या या वाड्या हलवावयाच्या तर कोठे आणि कोणत्या अटींवर, असा.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. विचारसभेच्या प्रत्येक शिफारशीला जिल्हा नियोजन समितीने सहा महिन्यांत लेखी उत्तर द्यावे: मान्य असल्यास पैसा कोठून येणार, अमान्य असल्यास का. ही समिती ७४ व्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेली घटनात्मक संस्था आहे; नवे महामंडळ, नवी इमारत, नवी मोटार यांची गरज नाही. निर्णयाचा अंतिम अधिकार लोकप्रतिनिधींकडेच राहील आणि तो तेथेच राहावा, कारण पाच वर्षांनी जाब द्यावा लागतो तो त्यांना. मात्र, शिफारशी गुपचूप गिळण्याची सोय त्यांना राहणार नाही.

यावर असे म्हटले जाईल की, वेळ थोडा आहे, तापमान वाढते आहे आणि अशा वेळी चर्चा करीत बसणे परवडणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण वेळ नेमका कशात गेला, हे पाहावे. पश्चिम घाटाची तेरा वर्षे चर्चेत गेली नाहीत. ती चर्चा टाळण्यात गेली. फ्रान्समधील इंधनकर चर्चेमुळे रखडला नाही. चर्चेवाचून लादल्यामुळे तो कोसळला. ज्या उपायाचा भार लाखो लोकांनी रोज वाहावयाचा आहे, तो त्यांना न विचारता ठरविणे हा जलद मार्ग दिसतो, पण त्या वाटेवर परतावेच लागते.

दुसरा आक्षेप आपल्यासारख्यांच्या मनात असतो, पण तो कोणी उच्चारीत नाही. लोकांना काय कळते, हा तो आक्षेप. शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा आपल्या वर्गाची सवयच अशी झाली आहे की, तज्ज्ञ बोलला की टिपून घ्यावयाचे आणि खेडूत बोलला की कौतुकाने हसावयाचे. एखाद्या चिठ्ठीत उद्या आपलेही नाव निघू शकते, आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर ऊसतोडणी करणारी बाई बसलेली असेल. पाण्याच्या वाटपाविषयी तिला जे ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नाही. आलेख कसा वाचावयाचा हे कदाचित आपल्याला ठाऊक असेल आणि तिला नसेल. त्या दोघांनी एकमेकांना समजावून सांगावे आणि मग मिळून ठरवावे, इतकेच येथे अपेक्षित आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी एखाद्या जिल्हा परिषदेने किंवा जिल्हाधिकाऱ्याने असा एक प्रयोग करून पाहावा. त्याला विशेष कायद्याची वाट पाहावी लागत नाही. लागते ती एवढीच तयारी की, उत्तर आपल्याला गैरसोयीचे आले तरी ते ऐकून घेऊ.